तांडेल सिस्टरांची दोनची ओव्हर

पहिला दोष मी चपलेला दिला.

दादरला रानडे रोडवरून भाजी घेऊन येत होते. मागून एक बाई ओरडली, "अहो आजी, चप्पल!" वळून बघते तर माझी उजवी चप्पल दहा पावलं मागे रस्त्यात पडलेली आणि मी एका पायाने अनवाणी, तरी राणीसारखी पुढे चाललेली. पायाला कळलंच नव्हतं. शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी दुसऱ्या दिवशी ती चप्पल पिशवीत घालून दुकानात गेले आणि "पट्टा सैल आहे, बदलून द्या" म्हणून पाऊण तास भांडले. दुकानदाराने बिचाऱ्याने बदलून दिली. घरी आल्यावर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माझे गुडघे मागून कोणी टपली मारावी तसे वाकले. पायात नवी चप्पल होती.

मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. छत्तीस वर्षं फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा अधीक्षक म्हणून. चूक ही नेहमी समोरच्याची असते, हे त्या खुर्चीत बसून माझ्या हाडात मुरलं होतं. ते बाहेर काढायला मला परळच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत सत्तेचाळीस दिवस आडवं पडावं लागलं.

जीबीएस हा नसांचा आजार झालेल्या माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहिते आहे. औषधांची नावं इथे सापडणार नाहीत, ती मला तेव्हाही कळली नव्हती. पण खाटेवर पडून काय काय दिसतं, ते मात्र सांगू शकते.

किती वर?

तिसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उठताच येईना. माझा मुलगा अभय आणि शेजारचे दोघे, असं मला खुर्चीत बसवून खाली आणलं. सून केतकी पुढे फाइल घेऊन. खुर्चीतून मिरवत जायची हौस मला लहानपणापासून होती, ती अशी फिटली.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारली. पाय ढिम्म. मी म्हटलं, "जोरात मारा की, मी काही ओरडणार नाही."

तो म्हणाला, "जोरातच मारलंय, आजी."

तोपर्यंत मला गंमत वाटत होती. त्या वाक्यानंतर वाटेनाशी झाली.

पाठीतून पाणी काढलं, तारा लावून तपासण्या झाल्या. संध्याकाळी मोठे डॉक्टर आले आणि खाटेच्या कडेवर बसून बोलले. शरीराच्या राखणदारांनी चुकून शरीराच्याच नसांवर हल्ला केलाय. पायांपासून वर चढतं, कुठेतरी थांबतं, मग सावकाश उतरतं. बरीचशी माणसं बरी होतात, वेळ लागतो.

"कुठेतरी म्हणजे किती वर?" मी विचारलं.

"ते बघायचं. छातीपर्यंत आलं तर काही दिवस श्वासासाठी यंत्र लावावं लागेल."

अभय फोनवर भराभर वाचत होता आणि वाचता वाचता पांढरा पडत होता. केतकीने फोन त्याच्या हातातून काढून घेतला. "अभय, बास. ते काय तुला विचारून थांबणार आहे?"

पावसाळ्यात घराच्या भिंतीवर ओल कुठवर चढली ते आपण बघतो ना, तशी मी स्वतःला चिमटे काढत होते. मांडी गेली, कंबर गेली. पाचव्या दिवशी चिमटा काढणारी बोटंच गेली. सहाव्या दिवशी घोट गिळता येईना, आवाज नाकातून यायला लागला, आणि मला यंत्रावर घेतलं.

जन्मभर एकही वाक्य अर्धं न सोडणारी बाई मी. एकदम मुकी झाले.

"त्यांच्याशी बोला"

तोंडातल्या नळीने दहा दिवस काढल्यावर गळ्यातून नळी घालायचं ठरलं. अभय सही करायला तयार होईना. माझ्या पायाशी उभं राहून दोघं नवरा-बायको भांडत होते.

"तिच्या गळ्याला भोक पाडायचं? मी नाही सही करणार."

"आणि तोंडातल्या नळीने त्यांचे ओठ फाटलेत, ते दिसत नाही तुला?"

"माझी आई आहे ती!"

"मग माझी कोण आहे?"

केतकीच्या या वाक्याचं मला नवल वाटलं. आमची तोवरची ओळख, कुठलं भांडं कुठल्या फडताळात ठेवायचं यावरून झालेल्या वादांची. पण नवल दाखवणार कशाने? मला डोळे हलवता येत होते आणि मान जेमतेम इंचभर. घरच्यांनी हे नीट वाचावं: यंत्रावरच्या माणसाला ऐकू येत असतं. सगळं येत असतं.

तेवढ्यात पडदा सरकला. "दोघं इकडे, वरच्या बाजूला या. आजींच्या डोळ्यांसमोर. त्यांच्याबद्दल बोलताय ना, मग त्यांच्याशी बोला."

या आयसीयूच्या इन्चार्ज तांडेल सिस्टर. पन्नाशीच्या आसपास, अंगाने भरलेल्या, केसांचा घट्ट अंबाडा. आवाज असा, की त्या कुजबुजल्या तरी चार खाटांपलीकडे कळावं. वरळी कोळीवाड्यातल्या. आई मासळी विकायची, तोच आवाज आपल्याला मिळाला असं त्या स्वतःच सांगत.

माझ्याकडे वाकून त्या म्हणाल्या, "आजी, गळ्यातून नळी घातली तर तोंड मोकळं होईल. पुढेमागे यंत्र सोडवायलाही बरं पडेल. तुमचं काय म्हणणं? हो असेल तर डोळे एकदा मिटा, नाही असेल तर दोनदा."

मी एकदा मिटले. अभयने सही केली. आठवड्याहून जास्त काळाने मला कोणी काहीतरी विचारलं होतं.

त्याच सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत मुळाक्षरं आणि काना-मात्रा लिहून आणल्या. ओळीवरून बोट फिरवायचं, हवं ते आलं की मी डोळे मिटायचे. पहिला शब्द जुळवताना अभय, केतकी, दोन सिस्टर आणि वॉर्डच्या मावशी श्वास रोखून उभ्या. अभयचे डोळे भरलेले. आई आता काय सांगते!

न. काना. क.

"नाक?" अभय म्हणाला. "नाक काय?"

"खाजतंय हो त्यांचं!" मावशी म्हणाल्या, आणि खाजवलं. तीन दिवसांपासून खाजत होतं. तसलं सुख मला आयुष्यात दुसऱ्या कशाने मिळालेलं नाही.

दिवस

आयसीयूत दिवस घड्याळावर चालत नाही, कामांवर चालतो. सकाळी अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, गळ्यातल्या नळीतला कफ ओढून काढणं, नाकातल्या नळीतून जेवण. त्या जेवणाची चव विचारू नका, ते जिभेला भेटतच नाही. संध्याकाळी नातीचा, ईराचा, रोज एक कोडं विचारणारा रेकॉर्ड केलेला आवाज केतकी कानाशी लावायची. उत्तर मी पुठ्ठ्यावर द्यायचे. नऊ वर्षांच्या मुलीने मला तीन वेळा हरवलं.

आणि दुपारी दोन वाजता ओव्हर. सकाळची पाळी संपते, दुपारची सुरू होते, तेव्हा जाणाऱ्या सिस्टर येणाऱ्यांना प्रत्येक पेशंटची खबरबात सोपवतात, तिला ओव्हर देणं म्हणतात. बाकी ठिकाणी म्हणे ती टेबलापाशी होते. तांडेल सिस्टरांची ओव्हर प्रत्येक खाटेपाशी व्हायची, पेशंटला नावाने हाक मारून. आणि तिची सुरुवात एका प्रश्नाने व्हायची: "आज काय चुकलं?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनात कॉलर ताठ केली. म्हटलं, वा, माझ्याच जातीची बाई आहे, आता कोणाची तरी हजेरी घेणार. पण त्यांनी स्वतःपासूनच सुरुवात केली. "माझं चुकलं. सात नंबरच्या मुलाशी मी घाईत बोलले, त्याला वडिलांचं नीट समजावलं नाही. दुपारच्या पाळीने त्याला बसवून सांगा." मग एक सिस्टर म्हणाली, तिने इंजेक्शन अर्धा तास उशिरा दिलं. एक ब्रदर म्हणाला, तो चार्टवर लिहायला विसरला. कोणी कोणाकडे बघितलं नाही. लिहून घेतलं, पुढे गेले.

मी खाटेवर पडल्या पडल्या चकित. इतक्या चुका! माझ्या विभागात अकरा वर्षांत एकच चूक नोंदली गेली होती, तीसुद्धा पहिल्याच वर्षी. निरोप समारंभात मी तसं अभिमानाने सांगितलंही होतं, माइक हातात घेऊन.

तांडेल सिस्टर कोणी संत नव्हत्या. औषधाचा ट्रे जागेवर नसला की असा आवाज लावत, की माझ्या यंत्राचा काटाही हलत असेल. पण दुपारी पाळीतल्या प्रत्येकीला "डबा खाल्लास?" विचारल्याशिवाय त्या स्वतः जेवत नसत. नऊ नंबरचे काका गेले तेव्हा त्यांचं सगळं करणाऱ्या सिस्टरला त्यांनी हाताला धरून बाहेर नेलं आणि तिचे दोन पेशंट तासभर स्वतः सांभाळले. मी माझ्या हाताखालच्या अठरा माणसांपैकी किती जण दुपारी जेवत होते, हे आजही सांगू शकत नाही. उशिरा किती जण येत होते ते तारखेसकट सांगेन.

पावणेदोन

माझ्या खाटेवर सकाळच्या पाळीला बहुधा सिस्टर बिन्सी असायची. मूळची केरळची, दहा वर्षं मुंबईत, बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परत आलेली. मराठी स्वतःच शिकलेली आणि बेधडक बोलणारी. देवनागरी पुठ्ठा तिने दोन दिवसांत पाठ केला.

मला हाक मारता येत नव्हती म्हणून गालाशी एक मऊ बेल ठेवलेली असे. मान इंचभर वळवली की वाजायची. कूस बदलताना ती काढून बाजूच्या स्टुलावर ठेवायची आणि नंतर परत गालाशी. एका दुपारी पावणेदोनला बिन्सीने मला कुशीवर केलं, उशी लावली, आणि तेवढ्यात चार नंबरच्या खाटेवर धावाधाव झाली. ती पळाली. बेल स्टुलावर राहिली.

आणि माझ्या नळीत कफ अडकला.

मी मान वळवली. काही नाही. पुन्हा वळवली. बेल मला दिसत होती, हातभर अंतरावर. यंत्र ओरडायला लागलं, पण त्याच वेळी चार नंबरचंही ओरडत होतं आणि सगळे तिकडे होते. छातीवर कोणीतरी बसलं. लोक म्हणतात, अशा वेळी सगळं आयुष्य डोळ्यांसमोरून जातं. माझ्या डोळ्यांसमोरून फ्रीजमधली साय गेली. तीन आठवड्यांची साय, कोणी विरजण लावलं नसणार.

मावशींचं लक्ष गेलं. "सिस्टर, आजी निळ्या पडल्या!" तांडेल सिस्टर कशा आल्या मला कळलं नाही. नळी साफ झाली. हवा आत आली. दोन-अडीच मिनिटं झाली असतील, असं नंतर म्हणाले.

बिन्सी चार नंबरहून परत आली. स्टुलावरची बेल तिने पाहिली. माझ्याकडे पाहिलं. बेल उचलून माझ्या गालाशी ठेवली. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. आणि मला बोलता येत नव्हतं.

पंधरा मिनिटांनी ओव्हर माझ्या खाटेपाशी आली. "आज काय चुकलं?"

मी बिन्सीकडे टक लावून बघत होते. तिच्या जागी माझी एखादी कारकून असती तर काय केलं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं.

"सिस्टर," बिन्सी म्हणाली, "आजीची बेल मी परत नाही ठेवली. स्टूलवर राहिली. नंतर मी गुपचूप ठेवली. ते पण चुकलं."

तांडेल सिस्टरांनी विचारलं, "कूस बदलताना बेल कुठे ठेवतो आपण?"

"स्टुलावर."

"सगळेच?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"म्हणजे आज तुझ्याकडून राहिली, उद्या माझ्याकडून राहिली असती. आजपासून बेल खाट सोडून जाणार नाही." त्यांनी तिथल्या तिथे बँडेजची पट्टी कापून बेल माझ्या उशीच्या अभ्र्याला बांधली. संध्याकाळपर्यंत अशा सगळ्या खाटांवर झाल्या. "रिपोर्ट आपण दोघी मिळून लिहू. आणि आजींच्या घरी मी आत्ता सांगते."

माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आजी, आमच्याकडून हे झालं. माफ करा." आणि सांगितलं, "माझी आई टोपलीतली मऊ पडलेली मासळी आधी स्वतः बाजूला काढून दाखवायची, ही घेऊ नको म्हणायची. गिऱ्हाईक मग उरलेली डोळे मिटून न्यायचं. मी तिच्याकडून एवढंच शिकले."

माझा दुसरा विभाग

माझ्या हाताखाली सरिता नावाची कारकून होती. तिच्याकडून माझ्या पहिल्याच वर्षी एक कागद गहाळ झाला. त्याच दिवशी ती स्वतः येऊन म्हणाली, "मॅडम, माझ्याकडून गेला." मी तिला सगळ्या विभागासमोर उभं केलं आणि मेमो मोठ्याने वाचून दाखवला. लाल शाईचा. मला वाटलं, केवढी शिस्त लावली मी! दोन महिन्यांत तिने बदली मागून घेतली. त्यानंतर माझ्या टेबलाशी येऊन कोणीही, कधीही, काहीही चुकलं म्हणालं नाही.

निवृत्तीनंतर महिन्याभराने रंगकामासाठी तिथलं मोठं कपाट हलवलं. शिपायाचा मला फोन आला, हसू दाबत होता. "मॅडम, कपाटामागे तुमचा दुसरा विभाग सापडला." फाटलेली, चहा सांडलेली, चुकीचे शिक्के मारलेली पत्रं. अकरा वर्षांत न झालेल्या चुका, तिथे एकावर एक. मी तेव्हा म्हणाले होते, "बघा, माझी पाठ वळली की काय करत होते!" अक्कल अशी, की अकरा वर्षं त्या कपाटापाशी बसूनही मला कपाट दिसलं नाही. खाटेवर पडल्यावर दिसलं.

अभय मात्र पेटला होता. त्याने दोन पानी तक्रार लिहून आणली. तांडेल सिस्टरांनी ती हातात घेतली नाही. म्हणाल्या, "कुठे द्यायची ते मी दाखवते, तो तुमचा हक्क आहे. फक्त आधी आजींना वाचून दाखवा."

त्याने वाचली. 'कडक कारवाई' तीन वेळा, 'अक्षम्य हलगर्जीपणा' दोन वेळा. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, पोरगं हे शिकलं कोणाकडून? वाक्यरचनासुद्धा माझी!

भीती

आता खरी गोष्ट सांगते. आजार वर चढायचा थांबला होता. छातीत जोर परत यायला लागला होता. डॉक्टर रोज थोडा वेळ यंत्राची मदत काढून मला स्वतः श्वास घ्यायला लावायचे. आणि मी घेत नव्हते. बेलच्या त्या दुपारनंतर यंत्राला हात लागला की माझं काळीज धडधडायचं, घाम फुटायचा, आकडे लाल व्हायचे. परत यंत्र. तीन दिवस, तीनदा.

डॉक्टर अभयला म्हणाले, आणि तांडेल सिस्टरांच्या धाकाने माझ्यासमोर म्हणाले: "फुप्फुसं तयार आहेत. आजी तयार नाहीत. यंत्रावर दिवस वाढले की जंतूंचा धोका वाढतो. पुढच्या आठवड्यात जमलं नाही तर कठीण होत जाईल."

घरी जाणं, बोलणं, ईराच्या कोड्याला तोंडाने उत्तर देणं, सगळं त्या एका श्वासावर अडलं होतं, आणि मी अडून बसले होते. त्या दिवसांत मला खूप वाईट विचार आले. ते आले होते एवढंच नोंदवते, कारण तुम्हालाही येतील. सांगण्यासारखा माणूस जवळ असेल तर सांगा. मी पुठ्ठ्यावर केतकीला सांगितलं. ती उशाशी येऊन बसली. माझे केस सोडले, तेल लावलं, दोन वेण्या घातल्या. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन वेण्या! मी डोळे दोनदा मिटत राहिले, तिने लक्ष दिलं नाही.

चौथ्या दिवशी मी तिला जुळवायला लावलं: बिन्सी कुठे.

उत्तर तांडेल सिस्टरांनी दिलं, कारण त्या कुणाला गोड करून काही सांगत नसत. "पलीकडच्या बाजूला आहे. तिनेच मागून घेतलं. डबा जसाच्या तसा घरी नेते. आयसीयू सोडते म्हणतेय. मी सांगून थकले."

सरिताची बदली मी सही करून एका मिनिटात मंजूर केली होती. पेनाला टोपण लावायलाही वेळ लागला नव्हता.

मी पुन्हा पुठ्ठ्याकडे बघितलं. 'बिन्सीला माझ्याकडे द्या.'

अभय ताडकन उठला. "आई, वेड लागलंय का तुला? तिच्याच हातात?"

'ती आता विसरणार नाही.' हे जुळवायला अकरा मिनिटं लागली. मुलगा आणि मी एकमेकांकडे इतका वेळ गप्प बसून याआधी कधी बघितलं होतं, आठवत नाही. त्याने तक्रार फाडली नाही. घरी जाऊन बदलली. कडक कारवाई गेली आणि त्याजागी, बेल बांधायची पद्धत सगळ्या मजल्यांवर करावी, असं आलं. मला ते पहिल्यापेक्षा बरं वाटलं. मुद्देसूद होतं.

बिन्सी आली. डोळ्याला डोळा देईना. बेल तीनदा तपासली.

तांडेल सिस्टर मागून डबा घेऊन आल्या. "आधी खाऊन ये. उपाशी पोटी माझ्या पेशंटला हात लावायचा नाही."

"सिस्टर, भूक नाही."

"मी विचारलं का भूक आहे का? वीस मिनिटं. तोवर मी बसते इथे."

ती खाऊन आली. माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाली, "आजी, खरं सांगते, मला भीती वाटते."

मी पुठ्ठा मागितला. 'मलाही.'

मग सुरू केलं. तिने एक हात माझ्या छातीवर ठेवला आणि मोजायला लागली, स्वतःच्या भाषेत. ओन्न, रंड, मून्न, नाल. यंत्राची मदत निघाली आहे हे मला कळत होतं, पण मी आकड्यांच्या मागे चालले होते, कारण पुढचा आकडा कसा असेल याची उत्सुकता होती. चौकसपणाने माझं आयुष्यभर नुकसान केलंय, त्या दिवशी फेडलं. पाच मिनिटं झाली. आकडे हिरवेच.

दुसऱ्या दिवशी दहा. मग अर्धा तास. एक दिवस पुन्हा बिघडला, ताप आला, सगळं मागे गेलं. मी रडले, बिन्सी रडली. तांडेल सिस्टर म्हणाल्या, "झालं रडून? औषध द्या त्यांना," आणि दोघींच्या मधे थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मग दोन तास. मग सकाळ ते संध्याकाळ. नळीला बोलायची टोपी लावली आणि माझ्या गळ्यातून आवाज आला तो बिघडलेल्या कुकरचा. पहिलं वाक्य मी केतकीला म्हटलं, "वेण्या सोड." ती हसता हसता रडली.

बिन्सी डबा खाते का, ते मी आता खाटेवरून विचारू शकत होते. रोज विचारायचे. ती आयसीयूतच राहिली.

आज

वॉकर घेऊन मी खिडकीपर्यंत जाते. बोटांत अजून लोकरीचे मोजे घातल्यासारखं वाटतं, आणि हे मी हाताने लिहिते आहे म्हणून अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तळव्यांना मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात, येऊ द्या, नसा जाग्या होतायत. तुमच्या घरात कोणी असं पडलं असेल तर एक पुठ्ठा घ्या आणि मुळाक्षरं लिहा, वाट बघत बसू नका. पहिल्या शब्दाला फार अर्थ असेल अशी आशा मात्र धरू नका.

सरिताला मी फोन केला. नंबर मिळवायला तीन दिवस लागले. ती म्हणाली, "मॅडम, इतक्या वर्षांनी?" मी म्हटलं, "माझं चुकलं होतं." मग ती म्हणाली, "हो." बस, एवढंच. गोड वगैरे काही झालं नाही, आणि होऊ नये. पण तिने फोन ठेवला नाही. तब्येत विचारली.

आता यंत्रावरची शेवटची सकाळ सांगते आणि थांबते.

दिवसभर मी यंत्राविना असायचे, रात्री मात्र ते लावायचे. त्या सकाळी डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, आज रात्रीही नको. काढा. सकाळची पाळी बिन्सीची होती. ती यंत्राच्या बटणापाशी जाऊन उभी राहिली. मागे तांडेल सिस्टर, हात पाठीशी बांधून. त्यांना ते स्वतः करता आलं असतं.

"आजी, बंद करू?"

"कर."

सत्तेचाळीसातले एकेचाळीस दिवस तो फुसफुसाट माझ्या कानाशी होता. तो थांबला आणि अचानक सगळं ऐकू यायला लागलं. कोणीतरी ट्रॉली ढकलत होतं. मावशी कुणाला तरी बादलीवरून झापत होत्या. आणि अगदी जवळ, जरा घरघरणारं, एक आत, एक बाहेर. कोणाचं हे, म्हणून मी बघायला लागले.

बिन्सी घड्याळ धरून माझ्या छातीकडे बघत होती. पूर्ण मिनिट. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"अठरा," ती म्हणाली. "सिस्टर, अठरा. स्वतःचे." आणि तशीच उभी राहिली.

तांडेल सिस्टरांनी चार्ट तिच्या हातात दिला. "मग लिही की! बघत काय बसलीस?"